मूठ, वीत आणि हात

३ फेब्रुवारी

अहो, कसे आहात? गुडघा काय म्हणतो? आता गुडघाच उरला नसेल म्हणा, तरी सवयीनं विचारते. सासूबाईंचा खोकला थांबला का? तिकडची हवा तरी त्यांना मानवली असेल अशी आशा आहे, इकडची तर एकही मानवली नाही. धाकट्या भाऊजींना सांगा की त्यांची बायको खुशाल आहे, फक्त कान गेलेत, त्यामुळे हल्ली तिचं सगळ्यांशी पटतं. माझी आई भेटते का? तिची पाठ कशी आहे ते विचारा. आणि आपला बोका? तुमच्या मागोमाग निघाला होता, पोचला असेल.

मी ठीक. घर ठीक. काल चहा गाळताना "साखर घालू का" असं मोठ्यानं विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिले. चहा गार झाला तेव्हा भानावर आले. म्हटलं, असं भिंतींशी बोलून एक दिवस भिंत उत्तर द्यायची. त्यापेक्षा लिहावं. माझी शाळा अर्धवट, अक्षर म्हणजे पाण्यात सापडलेली मुंग्यांची रांग. पण तुम्ही काही आता चुका काढणार नाही.

ठकूचा फोन पुष्कळ दिवसांत नाही. थंडी सुरू होताना ती म्हणाली होती, "आई, एक गंमत सांगायची आहे. पण आत्ता नाही, जरा थांब." मी थांबले. मग फोनच आटले, गंमत राहिलीच. मला वाटतं नवं घर घेत असतील आणि व्यवहार फिसकटला असेल. जावयांना विचारलं तर म्हणाले, "ती झोपली आहे." भर दुपारी! आपली ठकू, जी दुपारी झोपणाऱ्याला आळशी म्हणायची.

तुम्ही गेल्यावर ती म्हणाली होती, माझ्याकडे राहायला ये. मी नाही म्हटलं. तोच राग धरून बसली असेल. हट्टी आहे. कुणावर गेली आहे ते मी लिहीत नाही.

७ फेब्रुवारी

दवाखान्यात रक्तदाबासाठी गेले होते. रांगेत एका बाईच्या मुलाच्या सदऱ्याचं बटण लोंबत होतं. पर्समध्ये सुई असतेच, बसल्या बसल्या लावून दिलं. शेजारी एक पांढऱ्या केसांची, ताठ बाई बघत होती. याच दवाखान्यात मेट्रन होती, आता निवृत्त.

"हात चालतो की अजून," ती म्हणाली.

"हात आणि जीभ, दोन्ही चालतात."

"जीभ घरी ठेवा. हात आम्हाला द्या."

मग तिनं सांगितलं काय काम आहे ते. लोक आपले जपून ठेवलेले लग्नाचे पोशाख देतात. त्यातून ही मंडळी अगदी लहान मुलांसाठी झगे शिवतात. जी मुलं जन्मतात आणि राहत नाहीत, किंवा जन्मायच्या आधीच गेलेली असतात, त्यांच्यासाठी. पुरताना घालायला.

मी सुई पर्समध्ये ठेवली. म्हटलं विचार करून सांगते. घरी येताना वाटेत ठरवलं, हे आपल्याला जमायचं नाही. घरी आले, दार उघडलं, आत कोणी "आलीस का" म्हटलं नाही, आणि मी सरळ जाऊन मशिनवरची चादर काढली.

१२ फेब्रुवारी

पहिला दिवस. दवाखान्याच्या मागे धुलाईघर आहे, त्याच्यावरची खोली. खाली सारखी यंत्रं घुमतात, त्यामुळे फरशी कोमट असते आणि चहाचे कप टेबलावर आपोआप सरकतात. एका भिंतीला लांब दांडी, तिला पोशाख टांगलेले. डांबरगोळ्यांचा वास. पाठमोऱ्या उभ्या राहिलेल्या बायकांसारखे दिसतात. पांढरे, मोतिया, एक दोन लाल, एक हिरवा.

मेट्रन बेतते. कापायचं आणि उसवायचं काम एका निवृत्त बस ड्रायव्हरकडे. त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणतात. टक्कल, जाड बोटं, पण मणी असा अलगद काढतो की कापडाला कळू नये. म्हणाला, "आयुष्यभर माणसं उतरवली, आता टिकल्या उतरवतो." बाकी दोघीतिघी येऊन जाऊन असतात.

मापं तीन. मूठ, वीत आणि हात. हात म्हणजे पुऱ्या दिवसांचं मूल. वीत म्हणजे दिवस भरायच्या आधी जन्मलेलं. मूठ मापाला झगा नसतोच, बाह्या घालणार कुठे? नुसता चौकोनी तुकडा, आतून मऊ सुती अस्तर, त्याच्या टोकावर मूल ठेवून गुंडाळायचं. प्रत्येक मापाचा पुठ्ठ्याचा फर्मा आहे, खिळ्याला टांगलेला. झगे मागून पूर्ण उघडे, बटण नाही, फक्त फीत. मूल वाकवावं लागू नये, डोक्यावरून काही ओढावं लागू नये म्हणून.

मी दिवसभरात दोनच शिवले. साटीन मशिनच्या पायाखालून निसटतं, मेलं माशासारखं. जीभ घरी ठेवली होती. मेट्रननं टाके पाहिले, पुढचं कापड समोर ठेवलं. म्हणजे पास.

१६ फेब्रुवारी

आज काही नाही. मशिनला तेल घातलं. ठकूला फोन लावला, वाजून वाजून थांबला.

१९ फेब्रुवारी

आज फार वाईट झालं.

आता माझा हात बसला आहे, भराभर होतात. संध्याकाळी मेट्रननं माझी चळत उचलली, वरच्या झग्याचा खालचा काठ चिमटीत धरला आणि उलटा केला. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा.

"आजी, हे आत काय दुमडलंय?"

"दाब आहे तो," मी म्हटलं. "दोन बोटं कापड आत ठेवलंय. मूल वाढलं की उसवायचा, म्हणजे झगा लांब..."

आणि मग माझं बोलणं माझ्याच कानांवर पडलं.

सगळ्यांना दाब घातला होता, एकूणएक. माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मुलाचं कापड हातात आलं की काठाला दोन बोटं जास्त सोडायची, ही हाताचीच खोड. ठकूचा एकेक फ्रॉक तसाच शिवला, उसवत उसवत वर्षानुवर्षं चालवला. हाताला काय माहीत कुणासाठी शिवतोय ते.

ड्रायव्हर पाठ करून दांडीवरचे पोशाख सारखे करायला लागला. ते सारखेच होते.

मेट्रन खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. "एवढ्याशा झग्याला तो जड होतो," ती म्हणाली. "काठ वर पोटाशी गोळा होतो. उसवावे लागतील."

"उसवते."

"मी पण घेते थोडे."

दोघींनी बसून उसवले. जाताना ड्रायव्हर जिन्यात थांबला होता. म्हणाला, "मी निवृत्त झालो त्या आठवड्यात बायकोला स्वयंपाकघराच्या दारात कंडक्टरसारखं म्हणालो होतो, पुढे सरका, पुढे जागा आहे."

"मग?"

"मग काय, सरकली. माझ्याच अंगावर."

हसले. रस्ताभर हसले आणि घरी आल्यावर तोंड धुवावं लागलं.

२३ फेब्रुवारी

ठकूनं फोन उचलला! आवाज खोल गेलेला, सर्दी झाली असेल. मी म्हटलं जेवतेस का, ती म्हणाली हो. मी म्हटलं काय जेवलीस, ती म्हणाली आई पुरे. मग तिला हसवावं म्हणून मी माझी फजिती सांगितली, दाबाची. हसली नाही. पण ऐकत होती. पहिल्यांदाच माझ्या कामात तिनं एवढं लक्ष घातलं. मला फार बरं वाटलं.

"आई, सगळ्यात लहान म्हणजे केवढं गं?"

"मुठीत मावेल एवढं. त्याला नुसतं गुंडाळायचं."

"आणि हे झगे नव्हते तेव्हा?"

"तेव्हा मिळेल त्यात. टॉवेलात, नाहीतर कुठली तरी चिंधी."

"चिंधी," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आणि त्या आयांचं काय होतं?"

"त्यांचं काय व्हायचं? एवढ्याशा जिवाचं कोण धरून बसतं? दुसरं झालं की विसरतात बाया. ती सोयच आहे म्हण ना."

पुढे आवाज येईना. मी हॅलो हॅलो करत राहिले. त्यांच्याकडे फोनची बोंबच आहे, भिंतीआड गेलं की तुटतो. पुन्हा लावला तर बंद.

तरी आजचा दिवस चांगला. लेक माझ्याशी बोलली.

४ मार्च

जावयांचा फोन. स्वतःहून. मला वाटलं आता ती गंमत कळणार. तर म्हणाले, "आई, राग मानू नका. पण त्या झग्यांच्या कामाबद्दल तिच्याशी बोलू नका."

"का? अशुभ वाटतं तुम्हाला?"

"तसं नाही."

"मग कसं?"

"ती सांगेल तुम्हाला. मी नाही सांगायचं, असं ठरलंय आमचं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. म्हटलं बरं बरं, म्हातारीनं काय बोलावं तेही आता तुम्ही ठरवा. आणि ठेवला. ठेवताना त्यांचा आवाज ओला वाटला मला, पण तोवर माझं बोट बटणावर होतं.

अहो, तुम्ही असता तर म्हणाला असता, घाई करतेस. करते. पण आता मीही फोन करणार नाही. बघू कोण आधी करतं. माझ्याजवळ वेळच वेळ आहे.

११ मार्च

कुणी केला नाही.

रविवारी खोली बंद असते. दिवसभरात माझा आवाज एकदाच निघाला, दूधवाल्याला "उद्या अर्धाच" म्हटलं तेवढा. तो म्हणाला, "आजी, अर्धाच तर घेता." मी म्हटलं, मग त्याच्या अर्धा.

खरं लिहू का? मला भीती वाटते. तुम्ही गेलात ते कळलं, त्याला डॉक्टर होते, नातेवाईक होते, रडायला जागा होती. ही ठकू काही न होताच चालली आहे हातातून. जगात मला "आई" म्हणणारं ते एकच तोंड आहे. ते गप्प झालं तर मी कुणाची कोण? शेजारी आजी म्हणतात, पण ते तर कुणालाही म्हणतात.

तरी फोन केला नाही. हट्ट कुणावर गेला ते आता तुम्हाला कळलं असेल.

१८ मार्च

ठकूचं पार्सल आलं. वरचा पत्ता तिच्या अक्षरात. आत एका चादरीत बांधलेला तिचा लग्नाचा पोशाख. चिठ्ठी नाही, दोन शब्द नाहीत. मी चादर तीनतीनदा झटकली.

हा पोशाख मी शिवला होता. तुम्ही तेव्हा मला दोरे ओवून देत होतात आणि दिलेल्यांचा गुंता करत होतात. मोतिया साटीन, त्याला बारीक किनार. आधी वाटलं, चला, राग गेला, माझ्या कामासाठी पाठवलाय. मांडीवर पसरला आणि बघते तर घेराच्या ऐन समोरून, दर्शनी भागातून, एक मोठा तुकडा कापून काढलेला! कापलाही कसा, वाकडातिकडा, उंदरानं कुरतडल्यासारखा. कसल्या तरी बोथट कात्रीनं. कापायचंच होतं तर मागून कापावं, आतल्या पदरातून घ्यावं. सगळ्यात चांगलं कापड गेलं. शिंप्याच्या घरात नसली तरी शिवणाऱ्या आईच्या हाताखाली वाढली आहे, एवढं कळू नये?

संतापाच्या भरात फोन उचलला होता. मग आठवलं मी फोन करत नाहीये.

उद्या नेते खोलीत. उरलेल्यातून जेवढे निघतील तेवढे.

१९ मार्च

पोशाख टेबलावर पसरला. मेट्रनला म्हटलं, लेकीचा आहे, बघा कसा नासवलाय. ड्रायव्हरनं कात्री घेतली आणि तो त्या भोकाकडे बघत राहिला. मग कात्री खाली ठेवली.

"काय झालं?"

"काही नाही. धार बघायला हवी." परवाच त्यानं धार लावली होती.

मी म्हटलं, राहू दे, मीच बेतते. भोकाच्या भोवतीनं काय काय बसतंय ते बघावं म्हणून खिळ्यावरचे फर्मे काढून आणले. हात मापाचा घेराला लावला, वीत मापाचे दोन त्याच्या कडेला. मूठ मापाचा चौकोन हातात उरला. तो ठेवायला जागा बघत होते. सहज, नुसता बाजूला ठेवावा तसा, भोकावर ठेवला.

बसला.

अगदी काटेकोर नाही. तिची कात्री वाकडी गेली होती. पण चारी बाजूंनी बोटबोटभर सुटलं असेल, तेवढंच.

मी तो उचलला. पुन्हा ठेवला. खाली यंत्रं घुमत होती, फर्मा टेबलावर थरथरत होता आणि मी त्याच्यावर तळहात ठेवून उभी राहिले. थंडी सुरू होतानाची ती गंमत. दुपारची झोप. "सगळ्यात लहान म्हणजे केवढं गं?" एकेक टाका सुटत गेला, सुटत गेला.

मेट्रननं खुर्ची मागून गुडघ्यांना लावली. मी बसले.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"तुम्ही पसरलात तेव्हा. आया असंच करतात. घरातलं सगळ्यात चांगलं कापड, आणि त्यातलंही समोरचं."

"मी तिला म्हणाले..." आणि मला पुढे बोलता येईना. आयुष्यात पहिल्यांदा.

ड्रायव्हरनं पोशाखाची घडी घातली. कशी घालावी ते त्याला कळत नव्हतं, पण त्यानं घातली.

२० मार्च

आज खोलीत गेले नाही. खिडकीशी बसून त्या कापलेल्या जागेच्या कडेनं हातशिलाई घातली. ठिगळ नाही लावलं. लावणारही नाही. फक्त सूत निघत होतं, उकलत गेलं असतं, म्हणून कड बांधून घेतली. बारीक टाके, पूर्वी घालायची तसे. जिथं तिची कात्री वाकडी गेली तिथं मीही सुई तशीच वाकडी नेली.

मग फोन घेतला आणि ठेवून दिला. फोनवर माझी जीभ पुढे पळते, त्याचं काय होतं ते बघितलं. लेखणी माझी मुळातच हळू. म्हणून पत्र लिहायचं ठरवलं. आधी इथे लिहिते, खाडाखोड इथेच होऊ दे, मग कोऱ्या कागदावर उतरवीन. अहो, तुम्ही जरा वेळ गप्प बसा, मला तिच्याशी बोलू द्या.

ठकू,

पोशाख पोचला. मी तो कापला नाही. कापणारही नाही, तू सांगेपर्यंत.

मला काल कळलं. कुणी सांगितलं नाही, जावयांनी शब्द पाळला, त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांच्यावर मी रागावले होते, ते मी त्यांच्या पाया पडून फेडीन. ते नको म्हणतील, पण मी पडणार.

त्या दिवशी फोनवर मी म्हणाले की बाया विसरतात. मला काय ठाऊक होतं? काही नाही. ऐकीव बोलले, चार बायका बोलतात तसं. तू विचारत होतीस आणि मी शहाणपणा शिकवत होते. चिंधी म्हणाले. तो शब्द मला आता जन्मभर घशाखाली उतरायचा नाही. तू कापलंस ते कापड मी निवडलं होतं, दुकानात सगळी थानं उलगडायला लावून. त्याहून चांगलं कापड त्या दुकानात नव्हतं. तू बरोबर जागेवरून घेतलंस.

तू मला आधी का सांगितलं नाहीस, असं मी विचारणार नाही. मी अशी बोलते, म्हणून नसशील सांगितलं.

मुलगा होता की मुलगी, कुठे ठेवलंत, ते तुला वाटेल तेव्हा सांग. नाही वाटलं तर नको सांगूस. मी तुझ्याकडे यायला निघू शकते. एक पिशवी भरली की झालं. आल्यावर तुझ्याशी बोलायला हवं असं नाही. मी स्वयंपाकघरात बसेन, कांदे चिरीन, भांडी घासीन. तू दुपारी झोप. दार लावून झोप. मी फोन उचलून लोकांना सांगेन, ती झोपली आहे.

आणि मी येऊ नये असं वाटत असेल तर तसं लिही, मी मनाला लावून घेणार नाही. घेईन, पण तुला कळू देणार नाही.

बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. येऊ, की नको, एवढंच. पण ठकू, ते मात्र लवकर लिही.

तुझी आई